चुन्याच्या पोत्यांखाली

मित्रांनो, स्मारकामागच्या खोलीत, झाडू आणि बादलीच्या शेजारी, जे गंजके फावडे भिंतीला टेकून उभे आहे, ते मीच.

लोहाराने मला घडवले ते बागेसाठी. ज्या घरी मी आले, तिथे नवरा, बायको आणि नवऱ्याची धाकटी बहीण राहत. वाफे करायचे, पाट मोकळा करायचा, एवढेच माझे काम. "असं हलकं फावडं शोधून सापडायचं नाही," असे घरधनी शेजाऱ्यांना सांगत, तेव्हा माझ्या लोखंडी अंगावरही मूठभर मांस चढे.

मग युद्ध पेटले. घरधनी सैन्यात गेले आणि काही महिन्यांनी त्यांची खबर येईनाशी झाली.

लढाई आमच्या गावावरूनही गेली. दुसऱ्या दिवशी आपल्याच बाजूच्या हवालदाराने गावातल्या बायकांना शाळेमागच्या माळावर बोलावले. दोन्हीकडचे मेलेले एकाच खड्ड्यात पुरायचे होते. "शत्रूचा कुणी जिवंत सापडला तर मला सांगायचं. पुढचं मी बघतो," असे म्हणून त्याने बंदुकीवर हात ठेवला.

वहिनीने मला हातात घेतले. धाकटीने हातगाडीतून चुन्याची पोती आणली. दोघींच्या पोटात एकच भीती होती. पालथा पडलेला प्रत्येक देह उलटा करताना धाकटी डोळे मिटून घ्यायची. "वहिनी, तूच बघ. दादा नाही ना?"

"नाही गं. नाही."

वहिनी माझ्या दांड्यावर टेकून उठली आणि पुढच्या देहाकडे वळली.

दुपारी माती लोटायची वेळ आली. पहिली माती पडली आणि खड्ड्याच्या कडेला कुणीतरी कण्हले. पोरगेलासा सैनिक होता, अंगावर शत्रूचा गणवेश. मी मातीने भरलेले, हवेतच थांबले.

धाकटी दातओठ खाऊन पुटपुटली, "टाक माती. यांच्यामुळेच दादा..."

"तुझा दादाही कुठेतरी असाच पडला असेल तर?" वहिनी म्हणाली. "पाय धर त्याचे. लवकर!"

हवालदार बिडी पेटवायला वळला होता. दोघींनी त्या पोराला गाडीत घातले, वर रिकामी पोती पसरली आणि त्यांवर मला ठेवले. माझ्याखाली त्याचा श्वास वरखाली होत होता. मित्रांनो, तो श्वास मला ढोलासारखा ऐकू येत होता.

"ए, थांबा! काय आहे गाडीत?"

"रिकामी पोती, साहेब," वहिनी म्हणाली.

हवालदाराने मलाच उचलले आणि माझे टोक पोत्यांत खुपसले. पहिल्यांदा तळाची फळी लागली. दुसऱ्यांदा मी मऊ मांसात शिरले. ओरडू नकोस रे बाबा, ओरडू नकोस, एवढेच मी म्हणत राहिले. तो ओरडला नाही. हवालदाराने मला चिखलात फेकले, म्हणून माझ्या टोकावरचे रक्त त्याला दिसले नाही. "जा," तो म्हणाला.

महिनाभर तो सैनिक माळ्यावर तापात होता. दारावर थाप पडली की घरातल्या तिघांचाही जीव मुठीत. त्याला पेज धाकटीच भरवायची, पण एक शब्द बोलायची नाही. बरा झाल्यावर एका पहाटे घरधन्यांचा सदरा घालून तो निघाला. तेव्हा मात्र धाकटीने त्याच्या गळ्याचे बटण लावून दिले आणि ती ढसाढसा रडली.

घरधनी परतले नाहीत. त्या खड्ड्यावर पुढे स्मारक उभे राहिले. वहिनी जगली तोवर मला हातात घेऊन तिथले गवत काढत राहिली. आता धाकटी म्हातारी झाली आहे. तिला वाकवत नाही, आणि गवत दगडाच्या वर गेले आहे.

मित्रांनो, कधीतरी मला बाहेर काढा आणि ते गवत काढा. मात्र बेताने चालवा मला. मातीत शिरताना मला अजून धडकी भरते. खाली कुणी कण्हत तर नाही ना, ते आधी ऐकून घ्या.