सत्यवानचा नेम चुकला तेव्हा

मित्रांनो, मी एक कॅरम बोर्ड. वयाने म्हातारा. १९९८ साली कुडाळच्या गुरुदास मेस्त्रींनी मला घडवलं. चौकट आंब्याच्या लाकडाची, वरचा प्लाय गुळगुळीत. "पोरांच्या क्लबात जातलो हो," असं ते मला रंधा मारताना म्हणाले होते. पण मी क्लबात गेलो नाही. मालवणच्या बाजूला एका इस्पितळात मनाच्या आजाराच्या माणसांसाठी बारा खाटांचा वॉर्ड होता, तिथे माझी रवानगी झाली.

सुरुवातीला मला वाईट वाटलं. इथे खेळणार कोण? एक जण दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचा. एकाला कानात आवाज ऐकू यायचे. पण त्या वॉर्डात एस्पेरांसा सिस्टर होत्या. नर्सिंग शिकणाऱ्या मुली तिथे सरावाला येत आणि सिस्टर त्यांना शिकवत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खिडकीपाशी स्टुलावर ठेवलं आणि मुलींना म्हणाल्या, "वह्या बाजूला ठेवा. रुग्णाच्या समोर बसा, डोक्यावर उभ्या राहू नका. त्याला आवाज येतात म्हणाला तर वाद घालू नका आणि 'हो, मलाही येतात' असंही म्हणू नका. त्याला भीती वाटते का, ते विचारा. आणि खेळात मुद्दाम हरू नका. त्यांना ते कळतं."

खेळ संपला की एकोणीस सोंगट्या आणि स्ट्रायकर मोजून पेटीत ठेवायचे, हाही त्यांचाच नियम. वॉर्डातली कुठलीही वस्तू नजरेआड जाता कामा नये, म्हणून. मला त्या शिस्तीचा फार अभिमान वाटे.

२००१ सालच्या एप्रिलमध्ये सत्यवान आला. आचऱ्याचा, होडीवर जाणारा, पस्तिशीचा गडी. आठ दिवस तो झोपला नव्हता. बंदरावर वादळाचा बावटा लागलेला असताना एकटाच होडी समुद्रात लोटायला निघाला होता. भावांनी त्याला दोरीने बांधून आणलं. मनगटांवर दोरीचे वळ उठले होते.

"माका बांधल्यानी, सिस्टर. माझ्याच भावांनी," तो ओरडत होता.

एस्पेरांसा सिस्टरांनी आधी त्याच्या वळांना मलम लावलं. बाकीचं सगळं नंतर.

डॉक्टरांनी त्याला लिथियम नावाची गोळी सुरू केली. तीन आठवड्यांत तो झोपू लागला, शांत बोलू लागला आणि एका दुपारी माझ्यापुढे येऊन बसला. काय सांगू तुम्हाला! जाळं विणणारी ती बोटं. असा नेम मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. स्ट्रायकर कडेला लागून परत यायचा आणि सोंगटी भोकात.

त्याच्यासमोर रोज बसायची जान्हवी. नांदगावची, तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. रोज हरायची.

"बाय, तू राणीच्या मागे धावतंस म्हणान हरतंस," सत्यवान हसून म्हणायचा. "आधी आपल्यो सोंगट्यो घाल."

मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी, उकाडा मी म्हणत असताना, सत्यवानने स्ट्रायकर मारला आणि तो सोंगटीला न लागताच कडेवर आपटला. दुसऱ्यांदाही तसंच. लिथियम घेणाऱ्याची बोटं थोडी बारीक थरथरतात, ते मला सवयीचं होतं. पण आज पूर्ण पंजा हलत होता. माझ्या अंगावर तो हात टेकला होता, म्हणून मला ते आधी कळलं. मी लाकूड, बोलणार कसा?

वॉर्डातले मदतनीस महादूमामा दारातून म्हणाले, "हरूक लागलो काय असोच करता. नाटका सगळी."

जान्हवीने सोंगट्यांवरून नजर काढली आणि त्याच्या हाताकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे.

"सत्यवानदादा, काय होता?"

"हात माझो ऐकना नाय, बाय." त्याची जीभ जड झाली होती. "कालपासून दोन येळा ओकलंय. पोटय बिघडला."

"सकाळी काय खाल्लात?"

"घरची पेज. बायल घेवन येता ती. अळणी."

"अळणी कित्याक?"

"आवशीन नवस केल्यान. मी बरो होयसर मिठाक हात लावचंय नाय."

आईच्या या नवसापायी वॉर्डातलं जेवण तो आठ दिवस शेजारच्या खाटेवरच्याला देत होता. हे कुणालाच माहीत नव्हतं. तो उठायला गेला आणि तोल जाऊन त्याने माझी कड धरली. जान्हवीने त्याला सावरून खाटेवर बसवलं.

तेवढ्यात ड्यूटीवरच्या नर्स दुपारच्या गोळ्यांचा ट्रे घेऊन आल्या. "सत्यवानची गोळी दे गं."

"सिस्टर, ही गोळी आत्ता देऊ नये."

"डॉक्टरांनी लिहिलीय. तू विद्यार्थिनी आहेस. पुढच्या आठवड्यात तुझी परीक्षा मीच घेणार आहे, लक्षात आहे ना?"

जान्हवी ट्रेसमोरून हलली नाही. "मीठ आणि पाणी कमी झालं की हे औषध रक्तात साचतं. हात जोरात थरथरतोय, जीभ जड झालीय, तोल जातोय, उलट्या-जुलाब आहेत. मला नापास करा. पण आधी डॉक्टरांना फोन करा."

महादूमामा पळत जाऊन एस्पेरांसा सिस्टरांना घेऊन आले. सिस्टरांनी कुणालाच काही विचारलं नाही. त्यांनी सत्यवानला दोन्ही हात पुढे धरायला सांगितले. ते हात त्यांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, "गोळी बंद. रक्त घ्या. मी फोन करते."

रक्तात औषधाचं प्रमाण फार वाढलं होतं. सत्यवानला सलाइन लागलं. तीन दिवस माझ्यावर कुणी खेळलं नाही. मी खिडकीपाशी उभा राहून त्याच्या खाटेकडे पाहत होतो. चौथ्या दिवशी त्याने उठून बसून पाणी मागितलं. डॉक्टर जान्हवीला म्हणाले, "आणखी दोन-तीन गोळ्या पोटात गेल्या असत्या, तर हा माणूस शुद्धीवर राहिला नसता." ड्यूटीच्या नर्स बाजूलाच होत्या. त्यांनी जान्हवीच्या पाठीवर हात ठेवला.

सत्यवानची बायको पद्मावती डोळे पुसत आली. तिला वाटलं, आता आपल्याला बोलणी बसणार. जान्हवी तिच्याशेजारी बसली. "नवस मोडूक नको, वयनी. पण ह्या गोळयेक मीठ होया आणि भरपूर पाणी होया. दोन्ही रोजच्यासारख्या. अचानक कमी-जास्त करूचा नाय."

पद्मावतीने डोळ्यांवरचा पदर काढला. मग म्हणाली, "मगे सासूबायक सांगतंय, गूळ सोडूया. चलात?"

"गूळ सोडल्यार चलात," जान्हवी म्हणाली आणि दोघी हसल्या. डॉक्टरांनी मात्रा बदलून औषध पुन्हा सुरू केलं आणि महिन्याभराने सत्यवान स्वतःच्या पायांनी घरी गेला.

पुढे २००६ साली वॉर्डात टीव्ही आला. मला कपाटामागे सरकवलं. ओलीने माझा प्लाय फुगला, जाळ्या फाटल्या. चार पावसाळे मी तिथेच काढले.

२०१० मध्ये जान्हवी परत आली, आता शिक्षिका होऊन, सात विद्यार्थिनींना घेऊन. त्याच दिवशी सत्यवान रक्त तपासायला आला होता. तो ठरल्या वेळी न चुकता येतो. त्यानेच मला कपाटामागून ओढून काढलं, उन्हात ठेवलं, अंग पुसलं. फाटलेल्या जाळ्या काढून स्वतःच्या हाताने नवीन विणून बसवल्या.

जान्हवीने त्याला मुलींपुढे बसायला सांगितलं. त्याने सगळं सांगितलं, बांधून आणल्यापासून. एका मुलीने विचारलं, "काका, त्या दिवशी भीती वाटली का?"

"भिती वाटाक माका भान खंय होता?" तो म्हणाला. "माका इतक्याच आठवता. खेळताना सगळे सोंगट्येकडे बघतत. ही माझ्या हाताकडे बघत होती."

 जान्हवीने चष्मा काढून पदराने पुसला.

मित्रांनो, माझ्यावर किती डाव झाले ते मला आठवत नाही. पण तो हात ज्या लाकडावर टेकला होता ते लाकूड मी आहे, हे मी मानाने सांगतो. तुमच्या घरात, शेजारात कुणाचं मन आजारी असेल, तर त्याला 'नाटक करतोय' म्हणू नका. त्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, वाढवू नका. त्याच्यासमोर बसा आणि तो कसा बसतो, काय खातो, हात कसा उचलतो ते नीट बघा. काही वेगळं दिसलं तर लगेच सांगा, समोर कितीही मोठं माणूस असलं तरी.