घरचा गडी

आप्पांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. बरं, त्या जिभेने कधी कुणाचं वाकडं केलं असंही नाही. खरंच बोलायची बिचारी, पण नको तिथे आणि नको तेवढं. मागच्या उन्हाळ्यात शहरातून राहायला आलेलं एक कुटुंब टोमॅटोच्या शेडमध्ये उभं राहून कौतुक करत होतं, की बघा, औषधाचा एक थेंब न मारता कशी लगडलीत फळं. आप्पा मागून म्हणाले, "थेंब? अहो, परवाच पंप भरून मारलंय. नाहीतर तुमच्या आधी अळ्यांनीच मुक्काम ठोकला असता." ते कुटुंब दुसऱ्या दिवशी न्याहारीला न थांबता निघून गेलं, आणि तेव्हापासून लेक आप्पांच्या तोंडाला भिऊन होती.

तिचंही काय चुकलं म्हणा. शहरातली बरी चाललेली नोकरी सोडून ती घरी आली होती, कारण आप्पांच्या गुडघ्यांनी आणि दुधाच्या भावाने एकाच वर्षी मान टाकली. पेंड महाग, कामाला माणूस मिळेना, मिळाला तर टिकेना. दूध गार ठेवायची टाकी घेतली, तर तिचं वीजबिल दुधाचा सगळा नफा पिऊन मोकळं. दोन गायी विकून झाल्या होत्या. तिसरीला बघायला गिऱ्हाईक आलं, त्या दिवशी आई गोठ्यातून बाहेरच आली नव्हती.

मग लेकीने डोकं चालवलं. धान्याच्या कोठाराच्या तीन खोल्या करायच्या, शहरातल्या लोकांना राहायला बोलवायचं, गाय दाखवायची, वासरू दाखवायचं, शेणाच्या गॅसवर पेटणारी शेगडी दाखवायची. "म्हणजे आता शेती करून नाही, दाखवून पोट भरायचं," आप्पा म्हणाले, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी खोल्यांची फरशी स्वतः बसवली. खोल्या झक्क झाल्या. पाहुणे मात्र नावाला. कधीमधी कुणी वाट चुकल्यासारखं यायचं, बाकी चादरी धुवायच्या आणि परत घालायच्या.

एकच आशा होती. शेतावर राहायला जाणाऱ्यांसाठी खोल्या ठरवून देणारी एक मोठी कंपनी होती. तिची बाई पाहणी करून जाणार, तिला पसंत पडलं तर त्यांच्या साइटवर नाव येणार, आणि नाव आलं की वर्षभर खोल्या रिकाम्या राहत नाहीत, असं ऐकून होते सगळे. पसंत नाही पडलं, तर तिसरी गाय जाणार. आणि तिसरी गेली की चौथीला कोण धरून ठेवणार?

पाहणीच्या दिवशी लेकीने आप्पांना सकाळीच सांगितलं, "आप्पा, पाण्याचा पंप दुरुस्तीला टाकून या बाजारात. घाई करू नका, सावकाश या."

"मला घालवतेस होय?"

"तसं नाही हो."

"तसंच आहे. जातो, बाळ," आप्पा म्हणाले. रागावले नाहीत. पण पंप गाडीत चढवताना त्यांना दिसलं, की गॅसच्या टाकीची नळी तुंबलीय, आणि बाईंना चहा तर त्याच गॅसवर करून दाखवायचा होता. झालं. गाडी राहिली जागेवर, आप्पा उतरले खड्ड्यात.

पाहणीवाली बाई ठरल्या वेळेच्या आधीच आली. चांगली बाई होती, उगाच नाक मुरडणारी नव्हती. खोल्या पाहिल्या, गाद्या दाबून पाहिल्या, नळ सोडून पाहिले. लेक तिला गोठ्याकडे नेत होती. "आमच्याकडे सगळं अगदी स्वच्छ आणि आधुनिक आहे," हे तिचं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच खड्ड्यातून फस्स असा आवाज आला, आणि पाठोपाठ आप्पा वर आले. टोपीपासून बुटांपर्यंत शेणकाल्याने माखलेले. बनियनचा मूळ रंग कोणता हे सांगायची सोय नव्हती. दात तेवढे पांढरे.

"या, या," आप्पा मोठ्याने हसत म्हणाले. "नळी मोकळी झाली एकदाची. हात नाही मिळवत, राग मानू नका."

बाई दोन पावलं मागे सरकली. मग हळूच लेकीला म्हणाली, "हा कामाला आहे का तुमच्याकडे?"

आता जीभ कुणाची कुठे घसरेल सांगता येत नाही. आयुष्यभर आप्पांच्या जिभेला नावं ठेवणारी लेक, आणि त्या घडीला तिची स्वतःची जीभ म्हणाली, "हो. जुना गडी आहे. जरा बडबड्या आहे, पण कामाचा आहे."

आप्पा फार लांब नव्हते. त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त आवाज थांबला. लेकीने मान खाली घातली. ‘थट्टा केली हो, माझे वडील आहेत ते,’ एवढं म्हणायला तेव्हाही वेळ होता. तिघांनी हसून विषय संपवला असता. पण बाई फोनवर काहीतरी भराभर लिहीत होती आणि खुशीत दिसत होती, आणि लेक गप्प बसली. आपण काय केलं हे तिला पुरतं कळत होतं, आणि कळत असूनही ती गप्प बसली. पुढे तिला लाज वाटली ती त्या एका वाक्याची कमी आणि ह्या गप्प बसण्याची जास्त.

"बरं झालं भेटलात," बाई आप्पांना म्हणाली. "कामाच्या माणसांना मालक कसे वागवतात, हे आम्हाला विचारावं लागतं. किती वर्षं आहात इथे?"

आप्पांनी एकदा लेकीकडे पाहिलं. मग टोपी काढून हातात घेतली, जी त्यांनी आजवर कुणापुढे काढली नव्हती. "बाईसाहेबांचा जन्म व्हायच्या आधीपासून."

"पगार वेळेवर मिळतो?"

"पगाराचं कधी बोलणंच निघालं नाही. पण खाऊनपिऊन सुखी आहे. जेवण घरातलंच, ताटसुद्धा वेगळं नाही."

"आणि सुट्टी?"

"गायींनी घेतली की मीही घेईन."

बाई हसली. "मालकीण कशा आहेत?"

आप्पांनी टोपी हातात फिरवली. "लहानपणी फार हट्टी होत्या," ते म्हणाले. "आता चांगल्या आहेत. मेहनत फार करतात. त्यांना तेवढं पास करून टाका."

लेकीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. धरणीला दुसरी कामं होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत आई उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. तिने चहा आणला, चांगल्या कपांतून, दोनच कप. "त्यांनाही द्या ना," बाई आप्पांकडे बोट दाखवून म्हणाली. "त्यांना मी घरात देते," आई म्हणाली, आणि बाईची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर लेकीला एवढंच म्हणाली, "छान. बापाला कामाला लावलंस." त्यानंतर ती लेकीशी बोलेनाशी झाली.

संध्याकाळी आप्पा हौदावर अंग घासत होते. लेक टॉवेल घेऊन गेली. "आप्पा, चुकलं माझं. तोंडातून निघून गेलं."

"अगं, अवतार बघितलास का माझा? मी मालक असतो तर मलाच कामावर ठेवलं नसतं," आप्पा म्हणाले आणि हसले. नेहमीसारखंच हसले. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर लेक रडून मोकळी झाली असती. हसल्यावर माणसाने काय करायचं? टॉवेल देऊन ती परत आली.

थोड्याच दिवसांत साइटवर नाव आलं. खोल्यांचे फोटो होते, शेडचा होता, पण सगळ्यांत मोठा फोटो आप्पांचा, पुसलेल्या तोंडाने वासराला कुरवाळतानाचा. बाईने तो जाता जाता काढलेला. खाली लिहिलं होतं, की मालकांनी घरच्यासारखं सांभाळलेल्या ह्या जुन्या गड्याला भेटल्याशिवाय परतू नका. आणि लोक यायला लागले. चादरी वाळायला दोरी पुरेना. तिसरी गाय मागणाऱ्याला आईने दारातूनच वाटेला लावलं. दही, टोमॅटो, अंडी, जे असेल ते पाहुणे जाताना बांधून नेत. इतकी वर्षं जे जमलं नाही ते जमत होतं, आणि कशावर जमत होतं ते घरात तिघांनाही माहीत होतं.

गावालाही कळायला वेळ लागला नाही. शेजारचा कोंबडीवाला कुंपणावरून विचारायचा, "काय आप्पा, यंदा पगारवाढ झाली का?" आप्पा सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचे. लेक तोंड चुकवून आत जायची. पाहुणे असले की आप्पा ताट घेऊन गोठ्याच्या पायरीवर बसत. "आत या ना," ती म्हणायची. "कामावर आहे मी. लोक बघतात," ते म्हणायचे आणि मजेत जेवायचे. निदान मजेत असल्यासारखे जेवायचे. आत टेबलावर पाहुण्यांच्या पंगतीत लेक ताटातला भात चिवडत बसायची. आपण ज्या माणसाचं खाऊन वाढलो तो बाहेर पायरीवर, आणि आपण यजमानीण. तिला स्वतःचीच शिसारी यायची.

शेवटी तिने ठरवलं. खोल्या रिकाम्या पडल्या तर पडल्या, नाव कापलं तर कापू दे. सकाळी ती आईला म्हणाली, "आज येतील त्यांना खरं सांगणार आहे."

आई इतक्या दिवसांनी तिच्याशी बोलली. "सांग. आणि त्यांच्यासमोर सांग."

दुपारी एक शिक्षक नवरा-बायको आले. गाडीतून उतरल्या उतरल्या बायको म्हणाली, "अय्या, फोटोतले तेच का हे?" आप्पा चारा टाकून येत होते. लेक पुढे झाली.

"हे गडी नाहीत," ती म्हणाली. "माझे वडील आहेत. हे शेत, ह्या गायी, सगळं त्यांचं आहे. साइटवर लिहिलंय ते खोटं आहे. मीच त्या बाईंना खोटं सांगितलं, मला लाज वाटली म्हणून."

नवरा-बायको आप्पांकडे वळली. आई दारात उभी होती. लेकही आप्पांकडे बघत होती, आणि तिच्या छातीवरचा धोंडा हलायला लागला होता.

आप्पांनी टोपी काढली.

"बाईसाहेबांचं मन फार मोठं आहे हो," ते म्हणाले. "येईल त्याला असंच सांगतात. आम्ही गडीमाणसं, आम्हाला वडिलांच्या जागी मानतात."

शिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने लेकीचा हात हातात घेतला. "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता."

"नाही हो, खरंच माझे वडील आहेत," लेक म्हणाली.

"कळलं, कळलं," शिक्षक हसून म्हणाले. "आम्हालाही आता वडीलच."

लेकीने आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते तिला सांभाळून घेत होते, की त्या दिवसाचं माप तिच्या पदरात घालत होते? तिला कळेना. रागाचं एक चिन्ह तिथे नव्हतं. दारातून आई निघून गेली होती. आप्पांनी वाकून दोन्ही हातांत पाहुण्यांच्या बॅगा उचलल्या, गुडघा दुखला तसे जरा थांबले, आणि मग नम्रपणे विचारलं, "बाईसाहेब, कुठल्या खोलीत ठेवू?"

नवरा-बायको तिच्याकडे बघत उभी होती. बॅगा जड होत्या.

"पुढच्या," लेक म्हणाली.