ताईची घाई

आई गेली तेव्हा धाकटीला स्वतःची वेणीही घालता येत नव्हती. तिची वेणी, तिचा डबा, तिचं तापाचं औषध, सगळं ताईनेच पाहिलं. पुढे ताईचं लग्न होऊन ती लांबच्या शहरात गेली आणि धाकटी मावशीकडे राहिली. मावशीने काही कमी केलं नाही, पण निघताना दाराशी उभी असलेली धाकटी ताईच्या मनातून कधी हलली नाही. त्यामुळे पुढे धाकटीचंही लग्न होऊन तिला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा ताईने फोनवरच सांगून टाकलं की बाळंतपणाला मी असणार, दुसऱ्या कुणाला बोलवायचं नाही.

ताई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची. तिच्या हाताखाली पाच-सहा बायका होत्या. शाळा उघडायच्या आधी तिथे मान वर करायला सवड नसे, आणि बाळाची तारीख नेमकी त्याच्या तोंडावर आली. ताईने रजा घेतली ती तारखेच्या दुसऱ्या दिवसापर्यंतची. तिचा स्वतःचा मुलगा तारखेच्या बराच आधी झाला होता, तेव्हा बहिणीचंही तसंच होणार हे तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

ताई येऊन राहिली तेव्हा धाकटी मजेत होती. पोट पुढे, हात कमरेवर, अशी घरभर हिंडायची, दुपारी ताईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. कळा येण्याचं मात्र नाव नव्हतं. रजा सरत चालली तसा ताईचा जीव खालीवर होऊ लागला.

आधी तिने धाकटीला चालायला लावलं. सकाळ-संध्याकाळ दोघी रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन यायच्या. मग जिना सुरू झाला. धाकटीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बायकोला जिना चढताना पाहून तो म्हणाला की माझ्याच घरची माणसं जिन्याने गेली तर मला कोण विचारणार. दोघी हसल्या, पण ताईने जिना सोडला नाही. मग खजूर झाले, अननस झालं, कपाळावर घाम फुटेल इतकं तिखट जेवण झालं. उकिडवं बसून फरशी पुसणं झालं. एकदा ताईने इकडेतिकडे बघत आणखी एक उपाय सुचवला, तेव्हा धाकटीने उशीत तोंड खुपसलं आणि हसून हसून तिचं पोट दुखायला लागलं. ताईला क्षणभर वाटलं, कळाच आल्या.

तपासणीच्या दिवशी नर्सबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले आणि सगळं छान आहे म्हणाल्या. धाकटी आत कपडे सारखे करत होती तेवढ्यात ताईने त्यांना बाहेर गाठून एरंडेलाबद्दल विचारलं. नर्सबाई लिहिता लिहिता थांबल्या. एरंडेल अजिबात देऊ नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जुलाब-उलट्या होतात, अंगातलं पाणी जातं, बाळालाही त्रास होऊ शकतो, आणि एवढं करून कळा येतीलच असं नाही. तारीख म्हणजे अंदाज असतो, उलटली तर काय करायचं ते आम्ही बघू, तुम्ही घाई करू नका. ताईने मान डोलावली.

घरी आल्यावर मात्र ती कपाटावरचं कॅलेंडर बघत बसली. नर्सबाई तरुण होत्या. ताईच्या कारखान्यातल्या निम्म्या बायका एरंडेलाच्या गोष्टी सांगायच्या आणि सगळ्यांची मुलं धडधाकट होती. ज्यांना त्रास झाला असेल त्या असल्या गोष्टी सांगत बसत नसतील, हे तेव्हा तिच्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटीचा नवरा कामावर गेल्यावर तिने संत्र्याच्या रसात तेल घालून पेला धाकटीपुढे धरला. धाकटीने वास घेऊन नाक मुरडलं.

"नर्सबाईंना विचारलंस?"

"विचारलं. थोडं चालतं म्हणाल्या."

धाकटीने आणखी काही विचारलं नाही. लहानपणी कडू औषध प्यायची तसे डोळे मिटून तिने पेला रिकामा केला.

दुपारपर्यंत तिची दशा झाली. पोटात मुरडा आला तेव्हा ताईला आनंद झाला. तिने घाईघाईने बॅग काढून दाराशी ठेवली. पण धाकटी न्हाणीघरातून बाहेर येईना. आली ती भिंत धरत, आणि लगेच परत आत गेली. मग उलट्या सुरू झाल्या. ओठ सुकले, हात गार पडले. "ताई, हे असंच असतं का गं?" एवढंच ती मधेच विचारायची, आणि ताई हो म्हणायची, कारण दुसरं काय म्हणावं ते तिला सुचत नव्हतं. शेवटी तिने गाडी बोलावली आणि धाकटीच्या नवऱ्याला फोन केला.

दवाखान्यात सलाइन लावलं. पोटावर पट्टा बांधून बाळाचे ठोके बघायला सुरुवात झाली. ठोके फार भरभर पडत होते. डॉक्टरांनी सांगितलं की या कळा नाहीत, पोट बिघडलंय, अंगात पाणी राहिलेलं नाही. काय खाल्लं होतं, असं त्यांनी विचारलं. धाकटीनेच क्षीण आवाजात एरंडेल म्हणून सांगितलं.

कालच्याच नर्सबाई सलाइनची नळी सारखी करत होत्या. त्यांनी वळून ताईकडे पाहिलं. "मी काल तुम्हाला नको म्हणून सांगितलं होतं ना?"

आवाज चढलेला नव्हता. धाकटीने मान वळवून ताईकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर ताईला सोसला असता. ती फक्त बघत राहिली, एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसावं तशी. मग तिने छताकडे तोंड केलं.

हळूहळू ठोके ठिकाणावर आले. डॉक्टर आणि नर्सबाई बाहेर गेल्यावर ताई तिच्या पायाशी बसली. चुकलं माझं, असं म्हणाली. मला फक्त त्या वेळी तुझ्याजवळ असायचं होतं, असंही म्हणाली.

"जवळच होतीस की," धाकटी म्हणाली. "मला कुठे घाई होती, ताई? मला तर वाटत होतं, तू आहेस तोवर बाळाने येऊच नये. एकदा आलं की मग कसली मांडी नि कसली झोप."

ताईने तिचा पाय धरला. धाकटीने तो काढून घेतला नाही, पण डोळे मिटून घेतले.

नवरा धापा टाकत आला तेव्हा ताई बाहेर बाकावर होती. आत दोघांचं काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही.

धाकटी घरी आली आणि ताईची रजा संपली. धाकटीने तिला थांब म्हटलं नाही. दारापर्यंत आली, गाडीत खायला डबा दिला, पोचल्यावर कळव म्हणाली. सगळं रीतसर झालं, आणि त्या रीतीनेच ताईला रडू आलं.

कारखान्यात मालकीणबाईंनी बाळाचं विचारलं. अजून नाही, असं ताईने सांगितल्यावर त्यांच्या हातातलं काम थांबलं.

"अगं मग आलीस कशाला? एक फोन करायचास. इतक्या वर्षांत तू कधी रजा वाढवून मागितली नाहीस, मी नाही म्हटलं असतं का?"

हा फोन करण्याचं ताईच्या मनात आलंच नव्हतं असं नाही. पण हाताखालच्या बायकांनी रजा वाढवली की सगळ्यांत आधी तीच बोलायची. आता स्वतःसाठी मागायची तिला लाज वाटली होती. त्या लाजेपायी तिने बहिणीच्या हातात तो पेला दिला होता. बेतायला घेतलेल्या कापडावर ती कितीतरी वेळ हात फिरवत राहिली.

आठवडाही उलटला नाही तोच फोन आला. आपसूक कळा सुरू झाल्या, फार त्रास झाला नाही, मुलगी झाली. बोलत होता धाकटीचा नवरा. धाकटी झोपली होती. त्याला किती सांगू नि किती नको असं झालं होतं. बोलता बोलता तो म्हणाला, "ताई, त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून बरं. बाहेरचं शिळं काहीतरी खाऊन बसली ही. तुम्ही वेळेवर नेलं नसतंत तर काय झालं असतं."

खरं काय ते सांगायला ताईने तोंड उघडलं, पण सांगितलं असतं तर धाकटी नवऱ्यापुढे खोटी पडली असती. सांभाळून राहा, एवढंच ती म्हणाली.

पुढे फोन होत राहिले. भाची कशी हसते, कशी कुशीवर वळते, सगळं धाकटी सांगायची. फक्त विचारायची काही नाही. बाळाला सर्दी झाली तर काय करावं, रात्री रडतं तर कसं घ्यावं, हे ती शेजारच्या काकूंना विचारायची आणि काकूंनी काय सांगितलं ते मग ताईला कळवायची. ताई ऐकून घ्यायची. बरोबर सांगितलं काकूंनी, म्हणायची.