मागच्या खोलीतलं थेटर

टर्नरसाहेबांनी सिनेमा सोडला, तो भर खेळात.

पडद्यावर नायकाचा बाप खाटेवर शेवटचे श्वास मोजत होता. सगळं थेटर चिडीचूप. बापाने मुलाला जवळ बोलावलं, ओठ हलवले, आणि टर्नरसाहेबांनी शेजारी बसलेल्या बायकोला विचारलं, "काय म्हणाला?"

आपण कुजबुजलो असं त्यांना वाटलं. पण जन्मभर कारखान्यात टर्नर म्हणून लेथ मशीनवर लोखंड कातलेल्या माणसाची कुजबूज ती! शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. तिथून कुणीतरी उत्तर दिलं, "मेलो म्हणाला, काका!"

अख्खं थेटर खो खो हसलं. मरणारा बाप बाजूलाच राहिला. टर्नरसाहेब ताडकन उठले, लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर पडले आणि तडक घरी आले. दारात चप्पल काढताना म्हणाले, "सिनेमा बंद. परत नाव काढायचं नाही."

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली मावशी म्हणायची. मावशी पडदे शिवायच्या. खिडक्यांचे, दारांचे, दवाखान्यातल्या खाटांभोवतीचे. नवऱ्याचे कान कारखान्याने खाल्ले हे त्यांना कळत होतं, आणि कानाचं यंत्र आणून दिलं तर ते कपाटात मोज्यांच्या जोडीला पडून राहतं हेही दिसत होतं. "कानात माशी शिरल्यासारखं वाटतं," एवढं एकच कारण साहेब द्यायचे. पण निवृत्तीनंतर या माणसाला सिनेमाखेरीज दुसरा नाद नव्हता. तो सुटल्यावर ते दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या रिक्षांना नावं ठेवू लागले. मावशींनी आठवडाभर ते ऐकलं आणि मनाशी म्हणाल्या, हा माणूस थेटरात जात नसेल, तर थेटर घरात आणायला हवं. नाहीतर मलाच घर सोडावं लागेल.

मागची खोली होतीच. तिच्यात मावशींची कापडाच्या चिंध्यांची पोती, साहेबांचे स्क्रूचे डबे आणि दोघांनी एकमेकांच्या नकळत जपलेला भंगार माल होता. मावशींनी पोती हलवली. डबे हलवायला गेल्या, तेव्हा साहेब आडवे आले.

"कशाला?"

"थेटर करतेय," मावशी मोठ्याने म्हणाल्या.

"कोण मरतंय?"

"थेटर! सिनेमा बघायला!"

"घरात कुठं सिनेमा असतो?" साहेब म्हणाले आणि पुन्हा खिडकीत जाऊन बसले. डबे मात्र त्यांनी स्वतः उचलून नेले. परक्या हाताने स्क्रू मिसळलेले त्यांना खपत नसत.

मदतीला भावजी आले, म्हणजे साहेबांचे धाकटे भाऊ. नोकरी टपाल कचेरीत, पण जीव सगळा विजेच्या वस्तूंत. "वहिनी, तुम्ही काही बघू नका, सगळं माझ्यावर सोडा," ते म्हणाले, आणि मावशींनी दारावरच्या घंटीकडे बघितलं. याच भावजींनी मागे ती दुरुस्त केली होती. तेव्हापासून ती दाबली की स्वयंपाकघरातला दिवा जायचा.

पैसे बेताचेच, म्हणून सगळं जुनं शोधायचं ठरलं. एक शिकवणीचा वर्ग बंद पडला होता. तिथला प्रोजेक्टर भावजींनी मिळवला. वस्तू चांगली होती. फक्त सुरू केला की आधी भिंतीवर मोठ्या अक्षरांत यायचं, 'वह्या उघडा. बोलणाऱ्यास बाहेर काढले जाईल.' ते काढायला परवलीचा शब्द लागायचा, आणि तो शब्द गणिताच्या सरांबरोबर परगावी गेला होता.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "आपल्याकडे या सूचनेची गरजच आहे."

बसायला भंगारवाल्याकडून एका मोडक्या व्हॅनचं मागचं बाकडं आणलं. तिघांचं, गुबगुबीत आणि पट्ट्यांसकट. भिंतींना गडद रंग हवा म्हणून भावजींनी रंगाऱ्याकडचे उरलेले डबे एकत्र ओतले. भिंती भरताच्या वांग्यासारख्या झाल्या. मग आवाज घुमू नये म्हणून ते बेकरीतून अंड्यांचे पुठ्ठे घेऊन आले आणि एक अख्खी भिंत भरून चिकटवले. आवाजाचं काय झालं ते कुणाला कळलं नाही, पण झुरळांना ती जागा पसंत पडली. मावशींनी ते सगळे पुठ्ठे उपटले आणि त्या जागी जाड पडद्यांच्या चुण्या घालून सोडल्या. चुण्या कशा घालायच्या, ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पडदाही त्यांनीच केला. उन्हाला अडवणाऱ्या कापडाची पांढरी पाठ लाकडी चौकटीवर ताणून बसवली. पहिल्यांदा दोन पन्हे जोडले होते. चाचणीला एक चेहरा लावला, तर शिवण बरोबर नायकाच्या नाकावरून गेली. भावजी म्हणाले, "सवय होईल." मावशींना रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी घाऊक दुकानात खेटे घालून रुंद पन्ह्याचं कापड मिळवलं आणि चौकट पुन्हा मढवली.

शेवटी प्रोजेक्टर छताला टांगला, आणि चित्र उलटं आलं.

"सोपं आहे," भावजी म्हणाले. आतल्या सेटिंगमध्ये बदल करायचा होता, पण सेटिंगची अक्षरंही उलटीच. भावजी शिडीवर चढले, मान वाकडी केली, मग खाली उतरले, पाय फाकवले आणि दोन पायांमधून डोकं घालून वाचू लागले. चेहरा टोमॅटोसारखा लाल. त्या अवस्थेत त्यांनी एक बटण दाबलं आणि चित्र उलटंच राहून शिवाय हिरवं झालं.

खिडकीत बसूनच मान वळवून हा तमाशा बघणारे टर्नरसाहेब उठले. खोलीत आले, छताकडे बघितलं, भावाकडे बघितलं. मग आपले डबे उघडले. दुपारभर त्यांनी कानस चालवली, भोकं पाडली आणि मागच्या भिंतीवर एक लोखंडी कप्पा ठोकून प्रोजेक्टर त्यावर सरळ बसवला. चित्र सुलट आलं. हिरवं गेलं नाही, ते भावजींनी आठ दिवसांनी चुकून घालवलं. पण त्या दिवसापासून साहेब खोलीतून हलेनात. बाकड्याला पाय लावले, एक टेकू लावून ते मागे कलतं केलं. मावशी मनात म्हणाल्या, लागला मासा गळाला.

पहिला खेळ रविवारी दुपारी झाला. साहेबांनी आवाज एवढा वाढवला की पडद्यावर दार वाजलं तर शेजारी आपलं दार उघडून बघत. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जमिनीवर काठी आपटली. साहेबांना वाटलं, सिनेमात कुणीतरी आलं. तेव्हा भावजींनी तोडगा काढला: आवाज कमी करायचा आणि संवाद खाली अक्षरांत आणायचे.

साहेब खूश झाले आणि अक्षरं मोठ्याने वाचू लागले.

वाचायचा वेग भलताच. नटाने तोंड उघडायच्या आत साहेबांचं वाक्य पूर्ण व्हायचं. रहस्यपटात पोलीस अधिकारी सगळ्यांवरून नजर फिरवत दम घेत होता, तोवर साहेबांनी जाहीर केलं, "खून मुनीमाने केला!" मावशींनी कपाळावर हात मारला. एवढा खटाटोप केला, पडदा दोनदा मढवला, आणि पदरी काय पडलं, तर ज्याच्यामुळे थेटर सुटलं तोच गोंगाट घरबसल्या.

त्याच सुमारास साहेबांच्या थोरल्या बहिणीचं येणं झालं. मावशी त्यांना वन्सं म्हणत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकेका डोळ्याची शस्त्रक्रिया व्हायची होती, म्हणून मुक्कामच होता. बहीण-भावाचं मेतकूट कधी जमलं नव्हतं. साहेब कारखान्यात लागले तेव्हापासून वन्सं त्यांना सांगत आल्या होत्या की कानात बोळे घालून काम कर. त्यांनी ऐकलं नाही. कान गेल्यावरही वन्संनी सांगायचं सोडलं नाही, आणि आता तर साहेबांना खरंच ऐकू येत नव्हतं.

वन्संना बाकड्यावर साहेबांच्या शेजारी बसवलं. त्यांनी चाचपून पट्टा शोधला आणि बांधून घेतला. "न जाणो," त्या म्हणाल्या. मावशी मागे स्टुलावर बसल्या. सिनेमा होता एका जमीनदार घराण्यातला. दोन भावांचा शेतजमिनीवरून तंटा. साहेबांनी सवयीप्रमाणे वाचायला सुरुवात केली आणि वन्संनी कोपराने ढोसलं.

"अरे, ऐकू येतंय मला! बोलतात काय ते नको, दिसतंय काय ते सांग!"

"काय?"

वन्संनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "दिसतंय! काय! ते सांग!"

साहेब गोंधळले. अक्षरं सोडून वर बघितलं. "एक वाडा आहे," ते म्हणाले. "मोठा. एक माणूस जिन्यावरून उतरतोय. मिशा आहेत."

"मग?"

"मग आणखी एक माणूस आहे. त्यालाही मिशा आहेत."

हळूहळू त्यांची गाडी रुळावर आली. पण सांगायला लागले की अक्षरं निसटायची, आणि मग विचारायची पाळी त्यांच्यावर यायची. "काय म्हणाला?" वन्सं कानात ओरडून सांगायच्या. हा डोळे, ती कान. दोघांत मिळून एक धड प्रेक्षक तयार झाला. वरच्या बाईंची काठी पुन्हा वाजली, पण आता सिनेमाचा आवाज कमीच होता. ओरडत होती ती ही भावंडं.

मावशींना दिसतही होतं आणि ऐकूही येत होतं. म्हणून सिनेमा अर्धा झाल्यावर त्या सावरून बसल्या.

पडद्यावर नुसतं अंगण होतं. एक बाई विहिरीशी उभी. साहेब सांगत होते, "अंगणात घोडा बांधलाय. पांढरा. मान हलवतोय."

"पांढरा?" वन्संचा चेहरा खुलला. "आयाळ आहे?"

"लांबलचक."

मावशींनी पुन्हा बघितलं. घोडा नव्हता. घोड्यासारखं काहीही नव्हतं.

थोड्या वेळाने थोरला भाऊ कोर्टात उभा राहून म्हणाला, "माझं काही म्हणणं नाही, सरकार." साहेबांनी विचारलं, "काय म्हणाला?" आणि वन्सं त्यांच्या कानात ओरडल्या, "म्हणतोय, बहिणीनं वेळीच सांगितलं होतं! तिचं ऐकलं असतं तर ही पाळी आली नसती!"

साहेब विचारात पडले. मग मान डोलावून म्हणाले, "खरं आहे बिचाऱ्याचं."

मावशींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्या दुपारी घोडा आणखी तीनदा आला, एकदा तर कोर्टात. आणि सिनेमातल्या त्या बहिणीची आठवण थोरल्याला, धाकट्याला आणि शेवटी न्यायाधीशालाही झाली. मावशी एका शब्दाने मध्ये पडल्या नाहीत. पुढचे कितीतरी दिवस दुपारची शिलाई बाजूला ठेवून त्या स्टुलावर येऊन बसत. पैसे टाकून असा खेळ कुठे मिळाला नसता.

वन्संचे डोळे झाले. पट्ट्या निघाल्या, थेंब घालून संपले, आणि डॉक्टरांनी बघायची परवानगी दिली त्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला तो घोड्याचा सिनेमा पुन्हा लावून द्या. डोळ्यांनी बघायचाय."

मावशींच्या हातातली कात्री थांबली. "दुसरा लावू या की, वन्सं. नवीन."

"नको. तोच."

साहेबांनी काहीतरी अर्धवट ऐकलं होतं. "कुठला लावताय?" त्यांनी विचारलं. मावशींनी सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा जरा उतरला. पण वन्संचाही रंग काही खास नव्हता. आपण हट्ट कुठल्या सिनेमाचा धरला ते त्यांच्या आता लक्षात आलं असावं.

सिनेमा सुरू झाला. बहिणीला दिसत असल्याने साहेबांना सांगायचं काम उरलं नाही. मग त्यांनी निमूट खालची अक्षरं वाचायला घेतली, या वेळी मनात. विहिरीचा प्रसंग आला. बाई उभी राहिली, कळशी भरली, निघून गेली.

"घोडा कुठाय?" वन्सं म्हणाल्या.

साहेबांना ऐकू आलं नाही. निदान त्यांनी तसं दाखवलं.

"अरे, घोडा कुठाय?"

"असेल इकडेतिकडे."

पुढे कोर्ट आलं. साहेब अक्षरांवर बोट रोखून पुढे वाकले. न्यायाधीशाचा निकाल संपेपर्यंत तसेच वाकून राहिले, मग गर्रकन वळले. "यात बहीण कुठाय? या सिनेमात बहीणच नाही!"

"आणि घोडा तरी कुठाय?"

"तू काय वाटेल ते सांगितलंस मला!"

"आणि तू? कोर्टात घोडा आणलास की रे! तेव्हाच मला शंका यायला हवी होती!"

"तुला आवडतात म्हणून आणला!" साहेब गरजले. "लहानपणी टांगेवाल्याच्या घोड्यामागे पळायचीस. सिनेमात नुसत्या मिशा होत्या, काय सांगायचं त्यात?"

वन्सं उसळून उठायला गेल्या, पण पट्टा बांधलेला होता. त्या धपकन परत बसल्या. पट्ट्याची कळ सापडेना. साहेब चिडलेल्या हातांनी ती सोडवायला वाकले. "मीही तुझ्या बऱ्यासाठीच सांगत होते," वन्सं त्यांच्या कानाशी म्हणाल्या, आणि या वेळी ओरडल्या नाहीत. तरी त्यांना ते ऐकू आलं असावं, कारण कळ सुटूनही ते थोडा वेळ तिथेच खुडबुडत राहिले.

मग दोघांनाही एकदमच काहीतरी सुचलं. दोन माना मागे वळल्या.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "तुला तर सगळं दिसत होतं."

"आणि ऐकूही येत होतं," साहेब म्हणाले.

मावशींना हसू आवरेना. त्यांनी खूप प्रयत्न केला, पण ते नाकातून, डोळ्यांतून, सगळीकडून बाहेर आलं, आणि स्टूल कलंडलं. त्या चुणीदार पडद्यात जाऊन पडल्या. भावंडांनी त्यांना ओढून बाहेर काढलं खरं, पण रागाने; संध्याकाळी चहा पिईपर्यंत दोघं त्यांच्याशी बोलली नाहीत. आपसात मात्र बोलत होती, आणि तेही मावशींबद्दल, मोठमोठ्याने.

वन्सं महिनाअखेर आपल्या घरी जायच्या होत्या, त्या पुढच्या महिन्यात गेल्या. तोवर रोज एक सिनेमा झाला. बघताना साहेब मध्येच विचारत, वन्सं खरंखुरं काय ते सांगत, आणि सिनेमा अगदीच कंटाळवाणा निघाला तरच दोघं आपल्या पदरची भर घालत. त्यात मग मावशीही मागून एखादं वाक्य टाकू लागल्या. एकदा भावजी येऊन बसले, शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं, आणि उठताना म्हणाले, "गोष्ट छान होती, पण पडद्यावर भलतंच काहीतरी चाललं होतं. प्रोजेक्टर खोलून बघू का?"

"हात लावू नका!" तिघंही ओरडली.