रापणीतला मासा कोणाचा

मालवणच्या कोर्टात वकिली करणाऱ्या दाजींकडे विद्यापीठाने कायद्याचे पेपर तपासायला पाठवले, तेव्हा त्यांची मान चांगलीच ताठ झाली होती. मान म्हणून घेतलेलं ते काम आता गळ्यातली धोंड झालं होतं. प्रश्न साधा होता. एकाने समुद्रात जाळं टाकलं, मासे आत शिरले, पण जाळं पुरतं ओढून व्हायच्या आत दुसऱ्याने येऊन मासे नेले. मासे कोणाचे? ज्याच्या त्याच्या पेपरात एकच उत्तर: मासा पुरता कबजात आला नव्हता, सबब तो कोणाचाच नाही. पुढे विलायतेतला निवाडा, आणि त्याचं सालही सगळ्यांनी शंभर वर्षं चुकवलेलं, कारण बाजारातल्या गाइडात ते तसंच छापलं होतं.

"मेल्यांनो, एकान तरी आपल्या डोक्यान चूक करा रे!" दाजी ओरडले.

"ओरडतास कोणार? पेपरांका कान नसतत," त्यांच्या पत्नी यशोदाबाई माजघरातून म्हणाल्या.

आणि मग तो पेपर हाती आला. इंग्रजी मोडकंतोडकं, पण पहिलंच वाक्य असं की दाजींनी चष्मा पुसला. 'आधी जाळं कुठलं ते बघावं लागेल.' पुढे पोराने लिहिलं होतं: रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं लांब जाळं, असेल तर तिचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आले की माशाला वाट उरत नाही, म्हणून कबजा दोर धरणाऱ्यांचा. मासे नेणाऱ्यानेही दोराला हात लावला असेल, तर रिवाजाने त्याचाही वाटा निघतो. मग ती चोरी नव्हे, वाटणीचा तंटा. विलायतेतल्या त्या खटल्यात जाळ्याचं तोंड उघडं होतं, म्हणून तो निवाडा इथे लागू नाही.

असा युक्तिवाद दाजींनी भर कोर्टातही क्वचित ऐकला होता. त्यांनी खुशीने पुरे गुण दिले.

गठ्ठा उलट टपाली परत आला. मुख्य परीक्षकांचा शेरा होता, आदर्श उत्तरात रापण नाही, गुण काढावेत. दाजी पत्रातून भांडले. पुन्हा तोच शेरा आला. अखेर चरफडत त्यांनी गुण खोडले आणि शून्य घातलं. त्या शून्यापायी पोरगा नापास झाला. पुढे कितीतरी दिवस दाजींना अन्न गोड लागलं नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर देवबागचा सहदेव दाजींच्या ओटीवर येऊन उभा राहिला. रापणकर बाबलीचा हा मुलगा. कायद्याची परीक्षा पास झालेला, हातात पेढे. दाजींच्या हाताखाली वकिली शिकायची होती, आणि बापाची एक तक्रारही होती. रापण ओढत असताना इंजिनाची होडी आत घुसली आणि मासे भरून निघून गेली.

"बरा," दाजी म्हणाले. "मगे सांग वकीलसायबा, ते मासे कोणाचे?"

सहदेव ताठ झाला, हात मागे बांधले आणि शुद्ध मराठीत घडाघडा बोलू लागला. "मासा पूर्णपणे कबजात येत नाही तोवर तो कोणाचाच नसतो." मग विलायतेतला निवाडा, सालासकट. साल शंभर वर्षं चुकलेलं.

दाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गाढवा, मगे बापाशीक जावन सांग, दोर सोड, मासे कोणाचेच नाय!"

सहदेवची मान खाली गेली. "माका कळता, दाजीनू. गेल्या वर्सा मी रापणीचाच लिवललंय. नापास केल्यानी. म्हणान तां डोक्यातसून काडून टाकलंय."

दाजींनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी कागद पुढे सरकवला. "घे, दावो लिव. आधी जाळा खंयचा, ता बघूक व्हया. रापण आसात तर दोन्ही दोर..."

सहदेवने झटकन वर पाहिलं. "ह्या तुमका कसा म्हायत?"

"तुझो पेपर माझ्याकडेच आयललो," दाजी म्हणाले. "शून्य मीच घातलंय."

सहदेव लेखणी दौतीत बुडवून थांबला. "मगे ह्या कोर्टात तरी चलात?"

दाजींच्या डोळ्यांपुढे कोर्टातले नवे जज्जसाहेब आले. ते हुशार होते असं सगळे म्हणत. बाजारातलं ते गाइड त्यांना अजून तोंडपाठ होतं.