पहिल्याच वर्षी निरोप

मंगळवारी दुपारी टॅमरॅक फॉल्सच्या विद्यापीठातल्या तरणतलावाच्या काठावर मार्लिस ट्वेट नेहमीसारख्या उकिडव्या बसल्या होत्या. एकोणतीस वर्षं मुलींना पोहायला शिकवून त्यांचे गुडघे गेले होते, आवाज मात्र खणखणीत होता.

"ओडेसा, भिंत जवळ आली की मान वर काढतेस. का गं? भिंत कुठे पळून जाणार आहे?"

अठरा वर्षांची ओडेसा पाण्यातच हसली. "डोकं आपटेल असं वाटतं, कोच."

"सहा महिन्यांत एकदा तरी आपटलं का? मग पुन्हा. मी बसलेय इथे."

बावीस मुली शेजारच्या पट्ट्यांत पोहत होत्या. आदल्याच दिवशी चार मिनिटांच्या ऑनलाइन सभेत, सगळ्यांचे माइक बंद ठेवून त्यांना सांगण्यात आलं होतं की, विद्यापीठाला आता खेळांच्या कमाईतला वाटा खेळाडूंना द्यायचा आहे, म्हणून मुलींचं पोहणं, टेनिस आणि मुलांची कुस्ती बंद. सभा संपली तेव्हा पडद्यावर 'आपण सारे एक परिवार' अशी अक्षरं आली होती.

वाटा देण्यात चूक काहीच नव्हती. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनी हाडं मोडून घ्यायची आणि गल्ला विद्यापीठाने भरायचा, हा अन्याय कधीतरी थांबायलाच हवा होता. पण तो थांबवताना क्रीडा-संचालक क्रेग डनलिव्हींनी स्वतःच्या पगाराला धक्का लावला नाही. फुटबॉलचे नऊ उपप्रशिक्षक होते, ते नऊच राहिले. खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत शोभेचा धबधबा बसवायचं ठरलं होतं, तेही ठरलेलंच राहिलं. कात्री चालली ती जिथून ओरडा कमी होईल तिथे. मोठ्या माणसांना हिशेब असाच जमतो.

चारच्या सुमारास डनलिव्ही कॅमेरावाला आणि फुलांचे गुच्छ घेऊन आत आले. चकचकीत बुटांनी ओल्या फरशीवर जपून पावलं टाकत त्यांनी मार्लिसना बाजूला घेतलं.

"मार्लिस, मुलींना बाहेर बोलवा. छोटासा निरोप समारंभ करू. आपली रीतच आहे ना ती!"

रीत खरी होती. शेवटच्या वर्षाच्या मुलींना हंगाम संपताना आईवडिलांच्या उपस्थितीत फुलं देत. चार वर्षांच्या कष्टांचा तो मान होता.

"शेवटच्या वर्षाच्या चारच आहेत," मार्लिस म्हणाल्या. "गुच्छ तेवीस दिसतात."

"सगळ्यांनाच देऊ. कोणाला वगळलं गेलं असं वाटायला नको."

मार्लिस त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "वगळलं गेलं असं वाटायला नको! क्रेग, हे तू आरशासमोर म्हणून बघितलंस का रे?"

डनलिव्हींनी आवाज खाली आणला. "कॅमेऱ्यासमोर एवढंच म्हणा की, प्रशिक्षकांना हा निर्णय समजतो. तुमच्या निवृत्तीला तीन वर्षं आहेत. सल्लागाराची जागा तयार ठेवलीय, आरोग्य विम्यासकट. उगाच हट्ट कशाला?"

मार्लिसचे यजमान हेन्रिक यांचं दर आठवड्याला तीनदा डायलिसिस होई. विमा म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी गुच्छांकडे नजर वळवली. डनलिव्हींना वाटलं, जमलं.

गुच्छ उचलून आणायला त्यांनी फुटबॉलचा मार्क्वेल बोटनर नावाचा धिप्पाड खेळाडू सोबत आणला होता. त्याने गुच्छ बाकावर ठेवून दिले.

"साहेब, ह्यांना काढून आम्हाला द्या असं आमच्यापैकी कोणी म्हटलं होतं का? ह्या फोटोत मी नाही," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

मार्लिसनी शिट्टी वाजवली. तेवीस मुली बाहेर आल्या आणि सारख्या टोप्या, सारखे चष्मे घालून, निथळत रांगेत उभ्या राहिल्या.

"क्रेग, फुलं द्यायचीत ना? दे. पण मी नावं सांगणार नाही. तुझा परिवार आहे, तूच हाक मार."

कॅमेरा चालू होता. डनलिव्हींनी खिशातून यादी काढली, घसा साफ केला. "ओडेसा रुर्क!"

कोणी हललं नाही. त्यांनी हसतमुखाने एक गुच्छ उचलला आणि अंदाजाने तिसऱ्या मुलीपुढे धरला.

"मी नाही," ती म्हणाली.

ते पुढच्या मुलीकडे गेले.

"मीही नाही."

पाचवी, सहावी. बुटात पाणी शिरलं होतं, हसू मात्र चेहऱ्यावर तसंच चिकटलेलं. ओडेसासमोर ते पोचले आणि तिला ओलांडून पुढे गेले.

"कॅमेरा बंद कर!" शेवटी ते कॅमेरावाल्यावर खेकसले.

"राहू दे चालू," मार्लिस म्हणाल्या आणि स्वतः कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "मी मार्लिस ट्वेट. मला हा निर्णय समजत नाही. ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांना काढून टाकणं सोपं असतं, एवढं मात्र आज समजलं. सल्लागाराची जागा मला नको. विद्यापीठाच्या विश्वस्तांच्या सभेत मी हेच बोलणार आहे, आणि ह्या तेवीस जणींची नावं एकेक करून सांगणार आहे."

डनलिव्हींचा चेहरा लाल झाला. "बोला हवं ते. शुक्रवारपासून हा तलाव बंद!"

"आज मंगळवार आहे," मार्लिस म्हणाल्या. त्या गुडघ्यांवर हात टेकत पुन्हा काठाशी बसल्या. "चल ओडेसा. भिंतीपाशी मान खाली."