मधोमध कापलेले फोटो

फोटोवाल्या काकूंच्या स्टुडिओत सकाळीच आजी-नातीचं वाजलं. नात म्हणाली, "आजी, जुन्या निगेटिव्हचं कपाट उघड ना."

"उघड काय! माझ्या माघारी उघडायचं ते."

शहराच्या वाचनालयात प्रदर्शन भरणार होतं. पुरुषावर जीव टाकणारे पुरुष, बाईवर जीव टाकणाऱ्या बायका या शहरात इतकी वर्षं कशा राहिल्या, कुठे भेटल्या, त्याचं. नात त्या कामात होती, आणि तिला प्रदर्शनाच्या पाटीवर आजीच्या स्टुडिओचं नाव हवं होतं.

"आमचा काय संबंध?" काकू कडाडल्या. "आमच्याकडे लग्नाचे फोटो, शाळेचे फोटो. नाव घातलंस तर याद राख!"

नातीबरोबर एक निवृत्त नर्सबाई आल्या होत्या. सत्तरीच्या, ताठ. त्यांनी पर्समधून एक अर्धा फोटो काढून काउंटरवर ठेवला. त्यात तरुणपणीच्या त्या एकट्याच, पण खांद्यावर कुणाची तरी चार बोटं.

काकूंनी कडेचा काप ओळखला. तो त्यांच्याच हातचा!

काकूंचे यजमान होते तेव्हाची ही रीत. दोन मित्र, नाहीतर दोन मैत्रिणी खेटून बसायच्या, फोटो निघायचा, आणि न्यायला आल्या की म्हणायच्या, "मधून कापून द्या." यजमान खूण करायचे, काकू कात्री चालवायच्या. काकूंची पक्की समजूत, की फोटो धुऊन येईपर्यंत यांचं भांडण झालं! हल्लीच्यांची मैत्री आठवडाभर टिकत नाही, असं त्या गल्लीभर सांगत सुटायच्या.

"भांडण?" नर्सबाईंना हसू आवरेना. "अहो, पुढे आम्ही बत्तीस वर्षं एका खोलीत काढली. ती शाळेत शिकवायची. फोटो काढला तेव्हा ती भावाकडे राहायची, मी होस्टेलवर. अख्खा फोटो कुणाला सापडला असता, तर दोघींची नोकरी गेली असती."

"मग आता काय झालं?"

"गेल्या महिन्यात ती गेली. भाऊ आला, तिची ट्रंक उचलून घेऊन गेला. तिचा अर्धा फोटो त्यातच होता. मागितला, तर विचारतो कसा, 'तुम्ही तिच्या कोण?'" नर्सबाईंनी अर्धा फोटो जवळ ओढला. "पुन्हा एकत्र फोटो काढायचं धाडस झालं नाही, काकू. माझ्याकडे तिची एवढी चार बोटंच उरलीत."

कंबरेची किल्ली काढून काकूंनी कपाट उघडलं. खालच्या खणात पाकिटंच पाकिटं, प्रत्येकावर यजमानांचं अक्षर : 'कापून दिला.' काकू एकेक निगेटिव्ह उजेडाला धरू लागल्या. हा बसचा कंडक्टर. हा पुस्तकं बांधणारा. अगं बाई, या तर समोरच्या शिवणवाल्या दोघी! एवढ्या सगळ्यांची भांडणं?

"म्हणजे... ह्यांना ठाऊक होतं? मग मला का नाही बोलले?"

"तुम्हाला सांगायचं म्हणजे गल्लीला सांगायचं!" नर्सबाई म्हणाल्या.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर काकूंनी त्याची सालटी काढली असती. आज त्या स्टुलावर बसल्या. "मग मी कापले, ते चुकलं का हो?"

"नाही. कापलेत म्हणून तर घरी नेता आले. पण तेव्हा आम्ही कापा म्हणालो होतो. आज आम्ही अख्खा द्या म्हणतोय, आणि तुम्ही नाव नको म्हणता. आता कात्री तुम्ही चालवताय."

काकू उठल्या, नर्सबाईंच्या फोटोचं पाकीट शोधलं आणि त्यांना घेऊन अंधाऱ्या खोलीत गेल्या. लाल दिव्याखाली, औषधाच्या पाण्यात कागदावर हळूहळू नर्सबाईंशेजारचा चेहरा उमटला. दात किंचित पुढे, हसू दाबलेलं.

"हीच!" नर्सबाई एवढंच म्हणाल्या, आणि ओल्या फोटोपुढे तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या.

"पाटीवर नाव घाल गं," काकू नातीला म्हणाल्या, "ठळक घाल! पण बाकीच्या पाकिटांना ज्याचं त्याला विचारल्याशिवाय हात लावलास, तर बघ."

भल्या माणसांनो, ही माणसं आपल्या शहरात कालपरवा उगवलेली नाहीत. ती आपल्याच काउंटरपुढे उभी होती, आणि आपण त्यांच्या जिव्हाळ्याला भांडण समजत होतो. काकूंना अजून सगळं उमगलंय असं नाही. रात्रंदिवस त्या नातीला प्रश्न विचारून भंडावतात. विचारावेत. पण आपल्याला उमगेपर्यंत दुसऱ्याने अर्धं राहायचं, हा कुठला न्याय?